रॉबर्ट कापा : रणांगणावरचा छायाचित्रकार

लढाईची बातमी लिहिणाऱ्याने लढाई डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे असे नाही. छावणीत बसून, जखमी शिपायाला चार प्रश्न विचारूनही बातमी लिहिता येते, आणि पुष्कळदा ती चांगली वठते. छायाचित्रकाराला मात्र ही सवलत नाही. ऐकीव माहितीचा फोटो निघत नाही. जिथे गोळी लागते तिथेच त्यालाही उभे राहावे लागते, आणि तेही हातात बंदूक नसताना. या एका अटीपायी ज्याचे सारे आयुष्य आणि शेवटी प्राणही गेले, त्या रॉबर्ट कापाची ही हकीकत.

खरे पाहता रॉबर्ट कापा या नावाने तो जन्मलाच नव्हता. २२ ऑक्टोबर १९१३ रोजी बुडापेस्ट शहरी एका ज्यू कुटुंबात जन्मला तो एन्ड्रे फ्रीडमन. आईबापांचा कपडे शिवण्याचा धंदा. ऐन तारुण्यात राजकारणात पाऊल टाकल्यामुळे पोलिसांनी धरले, आणि १९३१ साली त्याला देश सोडावा लागला. बर्लिनमध्ये शिकत असता घरून पैसे येणे थांबले, तेव्हा पोटासाठी तो एका छायाचित्र-संस्थेच्या अंधारखोलीत राबू लागला. १९३२ साली कोपनहेगन येथे ट्रॉट्स्कीचे व्याख्यान झाले, त्याचे फोटो त्याने काढले आणि ते छापून आले. पण लवकरच हिटलर सत्तेवर आला, आणि हा निर्वासित पॅरिसला पोचला.

तेथे त्याला गेर्टा पोहोरिले भेटली. तीही जर्मनीतून पळून आलेली. दोघांचे हाल सारखेच, म्हणून १९३६ साली दोघांनी एक युक्ती काढली. रॉबर्ट कापा नावाचा कोणी श्रीमंत अमेरिकन छायाचित्रकार आहे अशी हूल उठवायची, फोटो एन्ड्रेने काढायचे आणि ते त्या बड्या नावावर चढ्या भावाने विकायचे. नाव पाहून बिदागी ठरते, हे आम्हा गाण्याबजावण्यावर जगणाऱ्यांना नवे नाही. लबाडी लवकरच उघडकीस आली, पण नाव चिकटले ते चिकटलेच. तिनेही आपले नाव बदलून गेर्डा टारो केले.

त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी पेटली, आणि दोघे कॅमेरे घेऊन तिकडे धावले. गोळी लागून मागे कोसळणारा सैनिक, हे कापाचे जगप्रसिद्ध छायाचित्र तेव्हाचे. ते खरे की मांडून काढलेले, हा वाद अजून मिटलेला नाही. १९३६ ते १९३९ या काळातील कापा, टारो आणि त्यांचा मित्र डेव्हिड सीमोर यांच्या सुमारे ४,५०० निगेटिव्ह मेक्सिकोत दडून होत्या, त्या २००७ साली हाती आल्या. पण या छायाचित्राची निगेटिव्ह त्यांत निघाली नाही. चित्रातील डोंगर पाहून जागा जुळवणाऱ्या संशोधकांनी ज्या गावाकडे बोट दाखवले, तेथे त्या दिवसांत लढाई नव्हती असे ते सांगतात. मला विचाराल तर शंका रास्त आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ज्याची किंमत जवळ असण्यावर ठरते, त्याने एकदाही सोंग केले असेल तर डाग लागतोच.

पण पुढचे सोंग नव्हते. जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेच्या माघारीत गेर्डा एका मोटारीच्या पायरीवर उभी राहून परतत होती. एका रणगाड्याची धडक बसली आणि दुसऱ्या दिवशी, २६ जुलैला, ती गेली. वय सत्तावीसही पुरे नव्हते. कापा त्या वेळी पॅरिसमध्ये होता.  दुसरे वर्ष उजाडले तेव्हा तो चीनमध्ये, जपान्यांशी चाललेल्या लढाईत होता.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिका, सिसिली, इटली करीत ६ जून १९४४ रोजी तो अमेरिकन पायदळाबरोबर नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरला. भीतीने हात थरथरत होते, हे त्याने आपल्या आठवणींत स्वतःच कबूल केले आहे. हाती राहिली ती अवघी दहा-अकरा छायाचित्रे, तीही धूसर. लंडनच्या अंधारखोलीत वाळवण्याच्या कपाटात उष्णता वाढली आणि बाकीची वितळून गेली, असे अनेक वर्षे सांगितले जाई. अलीकडच्या अभ्यासकांना ते पटत नाही; मुळात त्याने तेवढीच काढली असावीत असे ते म्हणतात. तसे असले तरी काय बिघडले? सम हुकलेल्या गवयाला पुढचे आवर्तन मिळते. त्या किनाऱ्यावर पुढचे आवर्तन कुठले?

शांततेच्या दिवसांत त्याने एक व्यवहारी काम केले. १९४७ साली कार्तिये-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर, सीमोर इत्यादी मित्रांसह मॅग्नम ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था उभारली. तोवर जीव धोक्यात घालून काढलेल्या चित्रावर बहुधा मासिकवाल्याचा हक्क चाले. यापुढे तो काढणाऱ्याचाच, असे त्यांनी ठरविले. या संस्थेने दिलेली किंमतही मोठी. १६ मे १९५४ रोजी तिचा वेर्नर बिशोफ पेरूच्या डोंगरात मोटार दरीत कोसळून मेला. १९५६ साली सीमोर सुएझपाशी गोळीबारात पडला.

त्या दोघांच्या मधला कापा. १९५४ च्या वसंतात तो जपानमध्ये निवांत होता. युद्ध पुरे झाले, असे त्याच्या मनाने घेतले होते. पण लाईफ साप्ताहिकाला इंडोचायनात महिनाभरासाठी बदली माणूस हवा होता, आणि कापाला पैशाची गरज होती. दिएन बिएन फू ७ मे रोजी पडले, त्यानंतर लगेच तो हनोईस पोचला. २५ मे रोजी थाय बिन्हच्या रस्त्याने फ्रेंच तुकडी चालली होती, तिच्याबरोबर तो होता. दुपारी तुकडी थांबली. सैनिकांचे चित्र अधिक चांगले मिळावे म्हणून तो जीप सोडून पुढे चालत गेला, आणि पेरलेल्या सुरुंगावर त्याचा पाय पडला. वय चाळीस. दोन कॅमेऱ्यांपैकी एक त्याच्या हातातच होता. त्यातली फिल्म मागाहून धुतली तेव्हा शेवटच्या चित्रांत गवतातून पुढे जाणारे सैनिक निघाले, पाठमोरे.