डॉ. आनंदीबाई जोशी : एका निवडीची कथा

आपल्या धर्मात आहारदान, औषधदान, शास्त्रदान व अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी औषधदान केवळ द्रव्याने पूर्ण होत नाही. त्यासाठी औषध देणारा जाणता हात लागतो. तो हात कोणत्या रुग्णासाठी पुढे करावयाचा, हा निर्णय वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकास केव्हातरी करावा लागतो. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी एका मराठी युवतीने तो निर्णय कसा केला, हे संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्मरणे उचित ठरेल.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. माहेर कल्याणचे. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह पोस्टात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. स्वभाव हट्टी व तापट. परंतु पत्नीस शिकवावयाचेच, हा त्यांचा ध्यास होता. अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता अशा बदल्या होत गेल्या आणि लोकनिंदा सोसत आनंदीबाईंचे शिक्षणही चालू राहिले.

चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला. योग्य उपचारांअभावी तो अवघ्या दहा दिवसांत गेला. त्या काळी स्त्रीने परपुरुष डॉक्टरास प्रकृती दाखविणे अप्रशस्त मानले जाई आणि स्त्री डॉक्टर तर आपल्याकडे जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे कित्येक बाळंतिणी व अर्भके उपचाराविना दगावत. आनंदीबाईंनी स्वतःचे दुःख उराशी कवटाळून न बसता त्यामागील कारण ओळखले. डॉक्टर होण्याचा आणि तेही स्त्रियांची डॉक्टर होण्याचा त्यांचा संकल्प येथून दृढ झाला.

१८८० मध्ये गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्नीच्या शिक्षणाविषयी पत्र लिहिले. ते तेथील नियतकालिकात छापले गेले व न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले. त्या अनोळखी भगिनीने साहाय्याचा हात पुढे केला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर येथे आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून, हिंदुस्थानास स्त्री डॉक्टरांची किती निकड आहे आणि आपण परदेशी का जात आहोत, हे निर्भयपणे मांडले. एप्रिलमध्ये त्या पतीविना समुद्रप्रवासास निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या.

फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात डीन रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश व शिष्यवृत्ती दिली. परक्या देशात, कडाक्याच्या थंडीतही आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. पुढे दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस गेलेल्या आपल्या वीरचंद राघवजी गांधी यांनीही आपला आचार असाच सांभाळला होता, हे आपल्या वाचकांस आठवेल.

आजच्यासारखे पदव्युत्तर शाखांचे विभाग त्या काळी नव्हते. विद्यार्थ्याचा कल प्रबंधाच्या विषयावरून कळे. आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. आपले प्राचीन ग्रंथ आणि पाश्चात्त्य वैद्यक या दोहोंचा त्यांनी आधार घेतला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूकही झाली.

परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. त्या वर्षाच्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कोल्हापूरच्या पदावर त्यांना रुजू होता आले नाही. तथापि वाट मोकळी झाली होती. डॉ. रखमाबाई यांनी लंडनला शिक्षण घेऊन १८९४ मध्ये पदवी मिळविली आणि सुरतेच्या स्त्री रुग्णालयात दीर्घकाळ सेवा केली.

आज आपल्या समाजातील अनेक मुले-मुली डॉक्टर होत आहेत. नांदेड व अंबाजोगाई येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. २०२३ मध्ये परभणीलाही ते सुरू झाले. एम.बी.बी.एस.नंतर शाखा निवडताना प्रवेशपरीक्षेतील गुण, शुल्क, भावी उत्पन्न, रात्रीची धावपळ, घरचे रुग्णालय, विवाहाचा विचार अशा अनेक गोष्टींचे वजन पडते. यात काही गैर आहे असे नाही. आम्ही व्यापारी मंडळी तर जमाखर्च मांडल्यावाचून पाऊल टाकीत नाही. परंतु त्या जमाखर्चात एक रकाना बहुधा कोराच राहतो : आपल्या भागास कोणत्या डॉक्टरची गरज आहे? पालम तालुक्यातील एखाद्या खेड्यात मध्यरात्री बाळंतीण अडली, तर तिच्या घरच्यांस गंगाखेड, परभणी किंवा नांदेडचा रस्ता किती लांब वाटत असेल!

प्रत्येकाने प्रसूतिशास्त्रच घ्यावे, असे सुचविण्याचा हेतू नाही. परंतु वडीलधाऱ्यांनी मुलांवर शाखा लादू नये आणि मुलांनी निवड करताना तो कोरा रकाना भरावा, एवढीच विनंती. ज्या कुटुंबातील मूल गरजेची शाखा घेऊन आपल्या भागात परतू इच्छिते, त्याच्या शुल्काचा काही भार समाजाने उचलला, तर तेही औषधदानच ठरेल. सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळाने याचा विचार करावा.

जय जिनेंद्र!