आकिल्ले लाउरो

आकिल्ले लाउरो (१६ जून, १८८७:पियानो दि सोरेंतो, इटली - १५ नोव्हेंबर, १९८२:नेपल्स, इटली) हे इटालियन जहाजमालक आणि राजकारणी होते. ते नेपल्स शहराचे महापौर, राजेशाहीवादी पक्षाचे नेते, वृत्तपत्रमालक आणि नापोली फुटबॉल संघाचे अध्यक्ष होते. नेपल्समध्ये लोक त्यांना 'कोमान्दान्ते', म्हणजे कप्तान, या नावाने ओळखत. आज जगाला त्यांचे नाव मुख्यतः एका अपहृत जहाजामुळे आठवते. त्यांचे खरे कर्तृत्व मात्र त्याच्या बऱ्याच आधीचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी जहाजांची तीव्र टंचाई असताना त्यांनी युद्धातील मालवाहू व लष्करी जहाजे विकत घेऊन त्यांची प्रवासी जहाजे करवली आणि दक्षिण इटलीतील गरीब स्थलांतरितांना समुद्रापार नेले.

== सुरुवातीचे जीवन ==
लाउरो घराणे सोरेंतो द्वीपकल्पातील दर्यावर्दी घराणे होते. वडील जोआक्किनो यांची शिडाची जहाजे होती. आकिल्ले लहान वयातच जहाजावर गेले आणि वडिलांच्या मृत्यूनंतर तरुणपणीच धंद्याचा भार त्यांच्यावर आला. शिडांचे दिवस संपत आले होते, म्हणून ते जुन्या वाफेच्या जहाजांकडे वळले. इतरांनी टाकाऊ ठरवलेले जहाज स्वस्तात घ्यायचे, डागडुजी करून लगेच कामाला लावायचे, ही त्यांची रीत होती. खलाशी व अधिकाऱ्यांना जहाजाच्या मालकीत भाग देण्याची प्रथाही त्यांनी चालवली. महायुद्धापूर्वी 'फ्लोत्ता लाउरो' हा इटलीतील सर्वांत मोठ्या खाजगी ताफ्यांपैकी एक झाला होता.

ही भरभराट फॅसिस्ट राजवटीच्या छायेत झाली, हे नमूद करणे आवश्यक आहे. १९३३ मध्ये लाउरो फॅसिस्ट पक्षाचे सदस्य झाले आणि राजवटीच्या मर्जीमुळे नेपल्सच्या वृत्तपत्रांत त्यांना मालकीहक्क मिळाला. युद्धात ताफ्यातील बहुतेक जहाजे बुडाली. १९४३ मध्ये दोस्तांनी त्यांना अटक करून पादुला येथील छावणीत स्थानबद्ध केले. पुढे ते निर्दोष सुटले.

== युद्धजहाजांची प्रवासी जहाजे ==
सुटका झाली तेव्हा लाउरो साठीच्या उंबरठ्यावर होते आणि ताफा जवळजवळ नाहीसा झाला होता. युरोपभर निर्वासित व बेकार माणसे देश सोडण्याच्या प्रतीक्षेत होती. प्रवासी जहाजे मात्र बुडालेली किंवा सैन्याच्या ताब्यात होती, आणि नवे प्रवासी जहाज बांधण्यास काही वर्षे आणि मोठे भांडवल लागे. दुसरीकडे युद्धकाळात घाईने बांधलेली शेकडो मालवाहू जहाजे निरुपयोगी ठरली होती. अमेरिकेने १९४६ च्या कायद्याने आपली अतिरिक्त जहाजे विक्रीस काढली.

लाउरोंचे 'नापोली' हे जहाज मुळात १९४० मध्ये बेलफास्ट येथे बांधलेले 'अरेबँक' हे ब्रिटिश मालवाहू जहाज होते. मे १९४१ मध्ये क्रीट बेटावरील सुदा उपसागरात ते बॉम्बहल्ल्यात सापडले. युद्धानंतर लाउरोंनी त्याचे अवशेष विकत घेतले, ते वर काढून जेनोवा येथे आणवले आणि १९४८ मध्ये ते प्रवासी जहाज म्हणून निघाले. त्यावरील बहुसंख्य प्रवाशांना खोल्या नव्हत्या. पूर्वी माल भरला जाई त्या जागी केलेल्या मोठ्या शयनकक्षांत ते झोपत.

'सिडनी' आणि 'रोमा' या जहाजांची कथा अधिक विलक्षण आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 'सी-३' या प्रमाणित मालवाहू आराखड्यानुसार या दोन्हींची बांधणी सुरू झाली. परंतु युद्धाच्या निकडीमुळे त्यांवर उड्डाणफलाट चढवून त्यांना छोट्या विमानवाहू नौका बनवण्यात आले आणि त्या ब्रिटिश नौदलाला मिळाल्या. 'फेन्सर' ही नौका अटलांटिक व आर्क्टिक समुद्रांत तांड्यांचे रक्षण करीत असे. मे १९४४ मध्ये रशियाहून परतणाऱ्या एका तांड्यासोबत असताना तिच्या विमानांनी तीन जर्मन पाणबुड्या बुडवल्या. 'एथलिंग' ही दुसरी नौका १९४४ मध्ये त्रिंकोमाली येथील ब्रिटिश पूर्व ताफ्यात हिंदी महासागरात होती.

१९५०-५१ च्या सुमारास उड्डाणफलाट व विमानघर काढून टाकून त्या जागी नवे मजले उभारण्यात आले आणि 'फेन्सर'ची 'सिडनी', तर 'एथलिंग'ची 'रोमा' झाली. सुमारे १५० मीटर लांबीचा सांगाडा तोच राहिला. प्रत्येक जहाजात पहिल्या वर्गाच्या सुमारे सव्वाशे आणि पर्यटक वर्गाच्या सुमारे हजार प्रवाशांची सोय होती. या प्रमाणावरूनच जहाजे कोणासाठी होती हे दिसते. १९५१ मध्ये इटली व ऑस्ट्रेलिया यांच्यात स्थलांतराचा करार झाला आणि त्याच वर्षी दोन्ही जहाजे सुएझमार्गे फ्रीमँटल, मेलबर्न व सिडनीकडे जाऊ लागली. ऑस्ट्रेलियातील अनेक इटालियन कुटुंबांचा इतिहास याच प्रवासापासून सुरू होतो.

== राजकारण ==
१९५२ मध्ये लाउरो नेपल्सचे महापौर झाले. त्यांनी मतदारांना शेवया वाटल्या, आणि एका पायाचा जोडा मतदानापूर्वी व दुसऱ्याचा विजयानंतर दिला, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. त्याच वर्षी नापोली संघाने स्वीडिश खेळाडू हास्से येप्सोन याच्यासाठी १०.५ कोटी लिरा मोजले. १९५४ मध्ये लाउरोंनी स्वतःचा लोकप्रिय राजेशाहीवादी पक्ष काढला आणि १९५६ मध्ये ते प्रचंड मतांनी पुन्हा निवडून आले.

नेपल्सच्या गरिबांना त्यांच्याविषयी खरे प्रेम होते, आणि ते केवळ वाटपामुळे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बंदरावरील शेकडो घरांची चूल त्यांच्या ताफ्यावर पेटत असे. मात्र जहाजबांधणीत उपयोगी पडलेली घाई शहरबांधणीत घातक ठरली. त्यांच्या कारकिर्दीत बिल्डरांना मोकळे रान मिळाले, टेकड्यांवर आणि जुन्या वस्त्यांच्या जागी दाटीने इमारती उठल्या. चौकशीनंतर १९५८ मध्ये केंद्र सरकारने नगरपरिषद बरखास्त केली. १९६१ मध्ये ते अल्पकाळ पुन्हा महापौर होते. फ्रान्चेस्को रोझी यांचा १९६३ चा 'ले मानी सुल्ला चित्ता' हा चित्रपट याच बांधकाम-सट्ट्याविषयी असून त्यास व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला.

== अखेरची वर्षे ==
१९६४ मध्ये लाउरोंनी 'विलेम राउस' व 'ओरान्ये' ही दोन मोठी डच प्रवासी जहाजे विकत घेतली आणि त्यांना स्वतःचे व पत्नीचे नाव देऊन 'आकिल्ले लाउरो' आणि 'आंजेलिना लाउरो' केले. १९६५ मध्ये नूतनीकरण चालू असतानाच दोन्ही जहाजांवर आगी लागल्या. १९६६ मध्ये ती ऑस्ट्रेलिया मार्गावर आली, पण तोवर जेट विमानांनी हे प्रवासी ओढून नेण्यास सुरुवात केली होती. १९६७ मध्ये 'रोमा' भंगारात गेली आणि तिचे नाव 'सिडनी'ला देण्यात आले. ते जहाजही १९७५ मध्ये ला स्पेत्सिया येथे तोडले गेले. 'आंजेलिना लाउरो' १९७९ मध्ये कॅरिबियनमधील सेंट थॉमस बंदरात जळाली.

१९८२ मध्ये कंपनी कर्जात बुडाली आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला, वयाच्या ९५ व्या वर्षी, लाउरो यांचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या जहाजाचे ऑक्टोबर १९८५ मध्ये भूमध्य समुद्रात पॅलेस्टिनी अतिरेक्यांनी अपहरण केले, त्यात एका अमेरिकन प्रवाशाची हत्या झाली. १९९४ मध्ये सोमालियाच्या किनाऱ्याजवळ आग लागून ते जहाज बुडाले.