मुलांच्या ताटाची राखणदार : मार्गारेट मॅकमिलन

सकाळी मूल पाळणाघरात सोडून कामावर जाणारी आई त्या घरावर केवढा विश्वास टाकते, याचा विचार आपण क्वचितच करतो. दुपारी मुलाच्या पुढ्यात येणारे अन्न कोणी शिजवले, वाढणाऱ्या बाईने हात धुतले होते का, दूध तापवून झाकून ठेवले होते का, हे तिला दिसत नसते. तिच्या वतीने हे पाहणारे कोणीतरी हवे आणि त्याला ते काम रीतसर शिकवलेले हवे, ही जाणीव समाजात फार उशिरा रुजली. ती रुजवण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत ब्रिटनमधील मार्गारेट मॅकमिलन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

मार्गारेट यांचा जन्म २० जुलै १८६० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. १८६५ मध्ये वडील आणि धाकटी बहीण दगावली. त्याच सुमारास स्कार्लेट फीव्हरने मार्गारेट यांची श्रवणशक्ती हिरावून घेतली. ती परत येण्यास त्यांना वयाची चौदा वर्षे गाठावी लागली. विधवा आई मार्गारेट आणि तिची वर्षाने मोठी बहीण रेचेल यांना घेऊन इनव्हर्नेस येथे माहेरी परतली. बालपणीचे आजारपण माणसाचे काय हिरावून नेते, हे मार्गारेट यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

१८९३ मध्ये त्या ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरात आल्या आणि पुढच्याच वर्षी तेथील शाळा मंडळावर निवडून गेल्या. वर्गात त्यांना दिसली ती भुकेली, मळकट, खरजेने आणि उवांनी बेजार झालेली मुले. काही मुले अर्धा दिवस गिरणीत राबून उरलेल्या अर्ध्या दिवसात शाळेत येत आणि बाकावरच पेंगत. अशा मुलांना अक्षरे शिकवण्याआधी आंघोळ आणि जेवण दिले पाहिजे, असे मार्गारेट यांनी मंडळाला ठणकावून सांगितले. १८९७ मध्ये ब्रॅडफर्डच्या एका शाळेत स्नानगृह उभे राहिले. १८९९ मध्ये डॉ. जेम्स केर यांच्या साहाय्याने शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. शाळेत जेवण देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना देणारा कायदा १९०६ मध्ये संमत झाला, त्यामागे ज्या अनेकांची चळवळ होती त्यांत मार्गारेट आघाडीवर होत्या.

या कार्यात रेचेल यांचा वाटा मोलाचा होता. त्यांनी स्वच्छता निरीक्षकाचे शिक्षण घेतले होते आणि केंट परगण्यात गावोगाव फिरून त्या आरोग्यशास्त्र शिकवीत. मार्गारेट यांच्याकडे वाणी आणि लेखणी होती, तर रेचेल यांच्याकडे पाणी, हवा, अन्न आणि रोग यांचे व्यवहारी ज्ञान. १९१० मध्ये दोघींनी लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत मुलांसाठी दवाखाना सुरू केला. लवकरच एक कटू अनुभव आला. बरे करून घरी पाठवलेले मूल काही दिवसांत तेच दुखणे घेऊन परत येई. औषधाने रोग जाई, पण कोंदट खोली, अस्वच्छ पाणी आणि अपुरा आहार तसाच राही. त्या काळी उन्हाळ्यातील अतिसाराने लंडनमध्ये असंख्य तान्ही मुले दगावत. रोगाच्या मुळाशी जायचे, तर मुलाचा सारा दिवसच बदलायला हवा होता.

१९१४ मध्ये सुरू झालेली त्यांची खुल्या हवेतील शिशुशाळा या विचारातून जन्मली. बागेत बांधलेल्या साध्या शेडमध्ये मुले दिवसभर राहत. आल्यावर त्यांना न्हाऊमाखू घालून स्वच्छ अंगरखा चढवला जाई. मग वेळेवर जेवण, दुपारची झोप आणि बागेत खेळ. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या मातांची मुलेही येथे येऊ लागली. मात्र २५ मार्च १९१७ रोजी, आपल्या वाढदिवशीच, रेचेल निवर्तल्या आणि शाळेचा भार मार्गारेट यांनी एकटीने पेलला.

लहान मुलांना सांभाळायला शिक्षण कशाला, कोणीही मायाळू बाई पुरेशी आहे, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. मार्गारेट यांना ती मान्य नव्हती. मायेला ज्ञानाची जोड नसेल तर मूल सुरक्षित राहत नाही, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या विद्यार्थिनी मुलांना न्हाऊ घालीत, भरवीत आणि ज्या गल्ल्यांतून मुले येत तेथील जीवनही जवळून पाहत. असे तीन वर्षांचे शिक्षण देणारे, रेचेल यांच्या नावाचे अध्यापक महाविद्यालय डेप्टफर्ड येथे उभे राहिले. ८ मे १९३० रोजी राणी मेरी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मार्च १९३१ मध्ये मार्गारेट यांची प्राणज्योत मालवली.

त्यांनी धरलेला आग्रह आज इंग्लंडमध्ये नियमांच्या भाषेत वाचायला मिळतो. बालसंगोपन केंद्रात अन्न तयार करणाऱ्या किंवा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना अन्नस्वच्छतेचे प्रशिक्षण द्यावे लागते. दोन किंवा अधिक मुलांना अन्नातून विषबाधा झाल्यास १४ दिवसांच्या आत तपासणी यंत्रणेला कळवावे लागते. मुले जेवत असताना प्रथमोपचार शिकलेली व्यक्ती त्याच खोलीत हजर असावी लागते.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि आहार, आरोग्य व शिक्षण अंगणवाडीच्या एका छताखाली आले. तेथे पातेल्यावर झाकण आहे की नाही, धान्य निवडले की नाही, मुलांचे हात धुतले की नाही, हे शेवटी सेविका आणि मदतनीस यांच्यावरच अवलंबून असते. त्यांच्या हाती आपण धान्याची पोती सोपवतो; पण पुरेसे शुद्ध पाणी, योग्य प्रशिक्षण आणि सन्मानाचे वेतनही सोपवतो का? मार्गारेट मॅकमिलन यांचे चरित्र वाचल्यावर हा प्रश्न मनातून जात नाही.