मूलद्रव्यांना चिन्हे देणारा शास्त्रज्ञ : बर्झेलियस

सोडियमचे चिन्ह ‘एन्-ए’ का आणि पोटॅशियमचे ‘के’ का, असा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतेच. ‘पाठ करा’ म्हणून शिक्षकाला सुटता येते. परंतु खरे उत्तर एका पोरक्या मुलाच्या चरित्रात आहे.

योन्स याकोब बर्झेलियस यांचा जन्म २० ऑगस्ट १७७९ रोजी स्वीडनमध्ये झाला. वडील शिक्षक होते. मुलगा चार वर्षांचा असतानाच ते वारले. पुढे काही वर्षांत आईही गेली. नातेवाइकांच्या आश्रयाने त्यांचे शिक्षण झाले. रानात हिंडण्याच्या नादात तास बुडत. शाळा सोडताना, बुद्धी आहे पण वर्तन बरे नाही आणि पुढची आशा संशयास्पद, अशा अर्थाचा शेरा त्यांच्या दाखल्यावर पडला!

तोच मुलगा १८०२ मध्ये डॉक्टर आणि १८०७ मध्ये स्टॉकहोमला प्राध्यापक झाला. स्वीडिश भाषेत चांगले पाठ्यपुस्तक नव्हते, म्हणून त्यांनी ते स्वतः लिहिले. साध्या खोल्यांतील प्रयोगशाळेत सुमारे दोन हजार संयुगांचे पृथक्करण करून त्यांनी अणुभारांचे कोष्टक सिद्ध केले. सेलेनियम व थोरियम ही मूलद्रव्येही त्यांनीच शोधली.

त्या काळी डाल्टन यांची वर्तुळाची चिन्हे प्रचारात होती. ती काढण्यास व छापण्यास अवघड. १८१३-१४ च्या सुमारास बर्झेलियस यांनी सोपा मार्ग काढला : मूलद्रव्याच्या लॅटिन नावाचे पहिले अक्षर घ्यावे, आणि दोन नावांचा घोटाळा होत असेल तर पुढचे एक अक्षर जोडावे. लॅटिन ही युरोपातील सर्व विद्वानांची सामाईक भाषा होती. म्हणून सोने (ऑरम) ‘ए-यू’, चांदी (अर्जेंटम) ‘ए-जी’, लोखंड (फेरम) ‘एफ्-ई’ आणि शिसे (प्लंबम) ‘पी-बी’ झाले. पाऱ्याचे ‘एच्-जी’ हे चिन्ह हायड्रार्जिरम, म्हणजे पाण्यासारखी चांदी, या नावावरून आले.

सोडियमचे लॅटिन नाव नेट्रियम. त्याचा संबंध अरबी ‘नत्रून’ या खाराशी आहे. पोटॅशियमचे नाव कॅलियम. ते वनस्पतींच्या राखेतील खाराच्या ‘अल्-कली’ या अरबी नावावरून आले. ‘अल्कली’ हा शब्द आपण आजही वापरतो. एका चिन्हात किती देशांची विद्या साठलेली असते पाहा!

७ ऑगस्ट १८४८ रोजी बर्झेलियस यांचे निधन झाले. आज सोलापुरातील विद्यार्थी मराठीत शिको, उर्दूत शिको वा इंग्रजीत, मूलद्रव्यांची चिन्हे सर्वांची एकच आहेत.

पालकांना एकच विनंती : प्रगतिपुस्तकावरील एका शेऱ्यावरून मुलाची शाळा सोडवू नका. तसाच शेरा बर्झेलियस यांच्याही दाखल्यावर होता.