बधिर चट्ट्यामागची नस शोधणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर

मे महिन्यात आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या जंगलपट्ट्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. हीच पाने पुढे बिडी कामगारांच्या सुपात येतात. पान कापायचे, तंबाखू भरायचा, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. नवीन मुलीला पहिल्या दिवशी दहा बिड्या वळताना घाम फुटतो. सहा महिन्यांनी तीच मुलगी शेजारणीशी बोलता बोलता वळत जाते, नजरसुद्धा खाली घालत नाही. बोटांनाच सगळं कळतं, असं आपण म्हणतो.

पण बोटांना कळायचं बंद झालं तर? तवा गरम आहे, चूल पेटलेली आहे, विळ्याला धार आहे, हे हाताला समजलंच नाही तर? ही काल्पनिक गोष्ट नाही. महाराष्ट्रात कुष्ठरोगाचे रुग्ण ज्या भागात जास्त सापडतात, त्यात आपला पूर्व विदर्भ येतो: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला गोंदिया. या आजारात नेमकं हेच होतं. हात असतो, बोटं असतात, पण बातमी वर पोहोचत नाही. ही बातमी कुठे आणि कशी अडते, याचा मुंबईत बसून वर्षानुवर्षे शोध घेणाऱ्या एका मराठी डॉक्टरांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, गोमंतक मराठा समाजातल्या कुटुंबातला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजी म्हणजे विकृतिशास्त्रात एम.डी. झाले. त्या काळी विलायतेतून शिकून आलेला डॉक्टर खासगी दवाखाना थाटून चांगला पैसा कमवू शकत होता. खानोलकरांनी निवडला सूक्ष्मदर्शक. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते पॅथॉलॉजीचे प्राध्यापक झाले. शरीराचा लहानसा तुकडा घ्यायचा, त्याचे कागदाहूनही पातळ काप करायचे, रंगवायचे आणि काचेखाली बघत बसायचे, असं हे काम. रुग्णाला या डॉक्टरचं नावही बहुतेक वेळा माहीत नसतं.

१९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी खानोलकरांकडे आली. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. माणूस काय खातो, काय चघळतो, काय ओढतो, अंगावर काय आणि किती घट्ट बांधतो, या रोजच्या सवयींत आजाराचं मूळ शोधायची त्यांची पद्धत होती. बिडीपट्ट्यात राहणाऱ्या आपल्या लोकांनी एवढं तरी लक्षात ठेवावं, की तंबाखू आणि तोंडाच्या कर्करोगाचा संबंध काही काल-परवा कुणी जाहिरातीत सांगितलेला नाही. मुंबईतल्या प्रयोगशाळा ८० वर्षांपूर्वीच या प्रश्नाच्या मागे लागल्या होत्या.

कर्करोगाबरोबरच खानोलकरांनी हातात घेतला कुष्ठरोग. त्याला तेव्हा लोक महारोग म्हणत आणि रोग्याला गावाबाहेर काढत. या रोगाचा जंतू नॉर्वेच्या डॉ. हान्सेन यांनी १८७३ मध्येच शोधला होता. रोग शाप नाही, जंतूमुळे होतो, हे ठरलं होतं. प्रश्न होता, हा जंतू अंगात शिरून पहिल्यांदा जातो कुठे?

खानोलकरांचं काम समजण्यासाठी नस काम कशी करते ते थोडं बघावं लागेल. इथे नस म्हणजे रक्ताची शीर नव्हे, मज्जातंतू. आपल्या शरीरात मज्जापेशी असतात. इतर पेशींसारखीच ही एक पेशी, पण तिला लांबच लांब तंतू फुटलेला असतो. पायाच्या अंगठ्याची खबर देणाऱ्या पेशीचा तंतू अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मीटर असतो. पेशीच्या आत आणि बाहेर क्षारांचं प्रमाण वेगळं असतं. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. त्यामुळे तंतूच्या पडद्यावर सुमारे ७० मिलिव्होल्टचा विजेचा दाब कायम तयार असतो. त्वचेला चटका बसला की पडद्यातली बारीक दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, दाब क्षणभर उलटतो. लगेच पुढची दारं उघडतात, मग त्याच्या पुढची. भाताच्या बांधीतलं पाणी एक बांध ओलांडून दुसऱ्या बांधीत शिरावं, तशी ही लाट पुढे सरकत जाते. तंतूच्या टोकाला ती पोहोचली की तिथून रसायनाचे कण सुटतात, बारीकशी फट ओलांडून पुढच्या पेशीला उठवतात, आणि निरोप पुढे जातो.

अशा पेशी एकमेकींना जोडून वाटा तयार होतात. हात तव्याला लागला तर खबर आधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जाते. तिथेच मधली पेशी दंडाच्या स्नायूला हुकूम देते आणि हात झटकन मागे येतो. भाजलं, हे मेंदूला त्यानंतर कळतं. बिडी वळणाऱ्या मुलीच्या बाबतीतही अशाच वाटा कामाला लागतात. त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा केल्या की मेंदूतल्या त्या पेशींमधली जोडणी पक्की होत जाते. म्हणून सहा महिन्यांनी विचार न करता हात चालतो. पण बोटांकडून खबर येते, हेच त्या कसबाचं मूळ आहे. पान किती दाबलं, दोरा किती ताणला, ही खबरच तुटली तर शिकलेली वाटसुद्धा कामी येत नाही.

आता खानोलकरांकडे परत येऊ. मज्जातंतू उघडे नसतात. त्यांना सांभाळणाऱ्या, त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसणाऱ्या पेशी असतात. त्यांना श्वॉन पेशी म्हणतात. जाड तंतूंवर त्यांचं चरबीचं वेष्टन असतं, तारेवर प्लास्टिक असतं तसं, आणि त्यामुळे निरोप वेगाने धावतो. थंड-गरम आणि दुखणं सांगणारे तंतू मात्र बहुतांशी बारीक असतात, त्यांच्यावर वेष्टन नसल्यासारखंच. खानोलकरांनी कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे तुकडे तपासले, जिथे वरून बघताना फारसं काही दिसत नव्हतं. एकामागून एक काप पाहताना त्यांना जंतू सापडले ते त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंच्या आत. कातडीवर रोग उमटण्याआधीच तो नसेत मुक्काम करून बसलेला होता. कुष्ठरोगाचे प्रकार बाहेरून कितीही वेगळे दिसले तरी त्यांची सुरुवात मज्जातंतूपासून होते, ही त्यांची मांडणी. सुरुवातीच्या चट्ट्यांवरचा त्यांचा हा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५१ मध्ये प्रसिद्ध केला.

जंतू त्वचेतल्या नसांच्या टोकातून शिरतो आणि नसेच्या आतून वर चढत जातो, असंही त्यांनी मांडलं. पुढच्या संशोधकांनी नसेभोवतालच्या रक्तवाहिन्यांतून शिरण्याची वाटही दाखवली, म्हणजे चित्र खानोलकरांच्या मांडणीपेक्षा गुंतागुंतीचं निघालं. पण जंतूचं पहिलं घर नस आहे, हा मुद्दा टिकला. आज आपण जाणतो की या जंतूला श्वॉन पेशी मानवतात आणि अंगातला थोडा थंड भाग आवडतो. तो वाढतोही फार सावकाश, एकाचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस घेतो. म्हणून लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच वर्षं आणि कधी वीस वर्षंही लागतात. कातडीजवळून जाणाऱ्या नसा थंड असतात, त्यामुळे त्या आधी सापडतात: कोपराजवळची, गुडघ्याच्या बाजूची, घोट्याची, चेहऱ्याची. मेंदू आणि मज्जारज्जूला हा रोग हात लावत नाही. माणूस पूर्ण शहाणा असतो, आणि म्हणून समाजाने टाकल्याचं दुःख त्याला पूर्ण कळतं.

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. पुण्याच्या कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधक त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. स्त्रियांनी प्रयोगशाळेत येणं नवलाचं होतं, त्या काळातली ही गोष्ट. १९५८ मध्ये याच केंद्रात कुष्ठरुग्णाच्या शरीरातून एक जंतू काढून प्रयोगशाळेत वाढवण्यात आला. त्याला केंद्राच्याच नावावरून आयसीआरसी जंतू म्हणू लागले. कुष्ठरोगाचा जंतू काचेच्या नळीत वाढवायला जगभरचे शास्त्रज्ञ झगडत होते, त्यामुळे मोठी आशा वाटली. पुढे कळलं की तो कुष्ठरोगाचा खरा जंतू नव्हे, वेगळ्या जातीचा नातेवाईक आहे. खरा जंतू आजपर्यंत नळीत वाढलेला नाही. तरीही ते काम वाया गेलं नाही. त्याच नातेवाईक जंतूपासून कुष्ठरोगावर लस बनवण्याचे प्रयोग मुंबईत पुढे झाले.

खानोलकरांना मान खूप मिळाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाचे ते १९५० ते १९५४ या काळात अध्यक्ष होते, १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमलं. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचं निधन झालं. कुष्ठरोग पक्का बरा करणारे बहुविध औषधोपचार, ज्याला आपण एमडीटी म्हणतो, त्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली. तो दिवस पाहायला ते राहिले नाहीत.

आता आपल्या घराचं बोलू. खानोलकरांच्या शोधाचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे: चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणूनच तो धोक्याचा असू शकतो. आपल्यात खाज आली की मलम आणतात, दुखलं की दवाखान्यात जातात, आणि न दुखणारा फिकट किंवा लालसर चट्टा वर्षानुवर्षे अंगावर काढतात. मुलीचं लग्न ठरायचं आहे, कशाला बोभाटा, म्हणून झाकतातही. पण त्या काळात जंतू नसेतच काम करत असतो. आधी थंड-गरम कळेनासं होतं, मग दुखणं, मग स्पर्श. त्यानंतर बोटं वाकतात, पाऊल लुळं पडतं, पापणी मिटत नाही. बोटं झडतात ती रोगाने नव्हे. न कळलेल्या चटक्यांनी, जखमांनी आणि त्यात झालेल्या पूने हळूहळू झिजतात.

सरकारी दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात याचं औषध मोफत मिळतं. प्रकार पाहून सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्यायच्या. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याची भीती उरत नाही, त्याला वेगळं ताट, वेगळी खोली देण्याचं कारणच नाही. घरातल्या लोकांनाही तपासून एक प्रतिबंधक डोस देतात. मात्र एकदा पूर्ण मेलेली नस औषधाने परत येत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची. घरोघरी तपासणीला येणाऱ्या आशाताईला दारातून परत पाठवू नका, बायकांना आत नेऊन नीट बघू द्या. आपण दिवसातून पाच वेळा वुजू करतो, हातपाय धुतो. तेवढ्या वेळात तळवे आणि तळपाय एकदा नजरेखालून घातले, पाणी थंड आहे की कोमट हे दोन्ही हातांना सारखं कळतं का ते पाहिलं, तर वेगळा वेळ काढावा लागणार नाही.

कायदाही बदलला आहे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात, तसंच हिंदू आणि ख्रिस्ती विवाहांच्या कायद्यांत, कुष्ठरोग हे घटस्फोटाचं एक कारण लिहिलेलं होतं. २०१९ मध्ये संसदेने ते सगळ्यांतून काढून टाकलं, कारण बरा होणारा आजार लग्न मोडण्याचं कारण असू शकत नाही. कागदावरून तो शब्द गेला. मोहल्ल्यातल्या बोलण्यातून, सोयरीक जुळवताना होणाऱ्या कुजबुजीतून तो काढणं आपल्याच हातात आहे.

खानोलकरांनी बघितलेले ते काप एका माणसाचे, एका घराचे होते. त्या अनोळखी माणसांनी आपल्या कातडीचा तुकडा दिला म्हणून आज आपल्याला कळतं की नस वाचवायची असेल तर चट्टा दिसताच निघायचं. तुमच्या घरात कुणाच्या अंगावर असा चट्टा असेल, तर हा मजकूर वाचून झाल्यावर त्यावर कापसाचा बोळा हलकेच फिरवून बघा. कळलं नाही तर उद्याच केंद्रावर न्या.