परळच्या चाळीतील ज्ञानोपासक

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील परळ हा भाग गिरण्यांनी गजबजलेला होता. पहाटेच गिरण्यांचे भोंगे वाजत, अरुंद रस्ते कामगारांनी फुलून जात आणि उंच धुराड्यांतून निघणारा धूर दिवसभर चाळींवर रेंगाळत राही. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेली हजारो कुटुंबे येथे एकेका खोलीत दाटीवाटीने संसार करीत. अशा वस्तीतील मुलाकडून जगाची अपेक्षा ती काय असणार? चार अक्षरे गिरवावीत आणि वडिलांच्या मागोमाग गिरणीची वाट धरावी, एवढीच. त्यातून तो मुलगा अस्पृश्य मानल्या गेलेल्या ज्ञातीतला असला, तर त्याच्या योग्यतेचा निवाडा त्याच्या जन्माबरोबरच होऊन चुकलेला असे. हा निवाडा ज्यांनी आपल्या विद्येने खोटा ठरविला, ते डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर परळच्या चाळींतच लहानाचे मोठे झाले.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू या लष्करी छावणीत झाला. त्यांचे वडील रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व लष्करी शाळेत मुख्याध्यापकाचे काम करीत. आईचे नाव भीमाबाई. या दांपत्याच्या चौदा अपत्यांपैकी भीम हे शेवटचे. रामजी कबीरपंथी होते. घरात नित्य भजन होई, संतांचे अभंग म्हटले जात आणि मुलांच्या अभ्यासावर वडिलांची करडी नजर असे. भीम पाच-सहा वर्षांचा असतानाच भीमाबाई निवर्तल्या. पुढे त्याची आत्या मीराबाई हिने त्याला मायेने वाढविले.

जन्माने लादलेल्या कलंकाची पहिली ओळख भीमाला साताऱ्याच्या शाळेत झाली. वर्गातील इतर मुले एकत्र बसत; भीमाला मात्र घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शाळेच्या नळाला तो हात लावू शकत नसे. तहान लागली, तर शिपायाने नळ सोडावा आणि मगच त्याने पाणी प्यावे, असा शिरस्ता होता. शिपाई नसला, तर तहान तशीच सोसावी लागे. एकदा तो भावंडांसह वडिलांना भेटावयास निघाला असता, मुलांची ज्ञात कळताच गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर एकजण कबूल झाला. रात्रभराच्या त्या प्रवासात मुलांजवळ शिदोरी होती, परंतु त्यांना कोणी पाणी दिले नाही. अंगावर नीटनेटके कपडे, मुखी शुद्ध भाषा, पायी चालण्यातही शिस्त. परंतु यांपैकी कशाचाही विचार न करता लोक केवळ जन्मावरून माणसाची किंमत ठरवितात, हे त्या कोवळ्या मनावर कायमचे कोरले गेले.

इ. स. १९०४ च्या सुमारास रामजी सुभेदार मुलांना घेऊन मुंबईस आले आणि परळ भागातील डबक चाळीत राहू लागले. घर म्हणजे केवळ एक खोली. तीच माजघर, तीच स्वयंपाकघर, तीच बैठक. चूल पेटली की धुराने डोळे चुरचुरत. भांडीकुंडी आणि सरपण यांतून उरलेल्या जागेत सारे कुटुंब वावरे. सगळ्यांना एकाच वेळी आडवे होण्यापुरतीही जागा तेथे नव्हती, मग अभ्यासाला एकांत कोठून मिळणार? या अडचणीतूनही सुभेदारांनी मार्ग काढला. संध्याकाळ झाली की ते भीमाला लवकर झोपण्यास सांगत. जात्याजवळ त्याचे अंथरूण असे आणि पायथ्याशी घरची शेळी बांधलेली असे. रात्री दोन वाजेपर्यंत सुभेदार स्वतः जागे राहत, मग मुलाला उठवीत आणि त्याच्या जागी आपण अंग टाकीत. सारी चाळ निद्राधीन असताना मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात भीम पहाटेपर्यंत वाचीत बसे.

सुभेदारांचे निवृत्तिवेतन दरमहा पन्नास रुपये होते. तेवढ्यात मोठ्या कुटुंबाचे पोट भरणे हेच कठीण. दोन्ही मुलांना शिकविणे शक्य नसल्यामुळे थोरला आनंदराव शिक्षण सोडून नोकरीस लागला, म्हणून भीमाची शाळा चालू राहू शकली. भीमाला पुस्तकांचे वेड विलक्षण होते. त्याने एखाद्या नव्या पुस्तकाची मागणी केली आणि सुभेदारांच्या हाती पैसा नसला, तर ते धाकट्या विवाहित मुलीकडे जात. तिच्याजवळ नसले, तर थोरलीकडे जात. मुलीने अंगावरचा एखादा दागिना उतरवून द्यावा, तो सावकाराकडे गहाण पडावा आणि महिनाअखेर वेतन हाती आले की सोडवून परत करावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. चाळीतल्या त्या खोलीत जमलेल्या पुस्तकांवर अशी सबंध कुटुंबाच्या त्यागाची मुद्रा होती.

भीमाचे नाव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले गेले. ही सरकारी व नामांकित शाळा होती. तेथे तरी भेदाभेद नसेल, अशी कोणाचीही कल्पना व्हावी. परंतु मनातील भेद शाळेच्या भिंतींनी अडत नाहीत. एके दिवशी शिक्षकांनी फळ्यावर एक उदाहरण सोडविण्यासाठी भीमाला पुढे बोलाविले. त्याबरोबर वर्गात एकच गलबला उडाला. मुलांचे फराळाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमाच्या सान्निध्याने ते विटाळतील या भीतीने मुले धावत सुटली आणि तो फळ्यापाशी पोहोचण्यापूर्वी त्यांनी डबे खडखडत दूर सारले. भीमाने सोडविलेले उदाहरण बरोबर की चूक, याकडे पाहण्याचे भान वर्गाला राहिले नाही. एका शिक्षकाला तर या मुलाने शिकून काही उपयोग नाही असे वाटे आणि ते बोलून दाखविण्यासही तो कचरत नसे. भीमाला संस्कृत शिकण्याची उत्कट इच्छा होती. परंतु त्या भाषेचे द्वार त्याला बंद असल्यामुळे त्याला फारसी घेणे भाग पडले. पुढे त्याने स्वतःच्या परिश्रमाने संस्कृतही आत्मसात केले.

मात्र माणसाची पारख गुणांवरून करणारे सज्जनही त्याच शहरात होते. शाळा सुटल्यावर भीम चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसे. तेथे येणारे शिक्षक व ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे लक्ष या एकाग्र मुलाकडे गेले. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला वाचण्यास पुस्तके दिली आणि त्याच्या वाचनाला वळण लावले. इ. स. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या समाजात ही अपूर्व गोष्ट होती. समाजसुधारक सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली आणि तीत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. त्या भेटीचे बीज पुढे किती खोल रुजले, हे इ. स. १९५६ मध्ये त्यांनी घेतलेल्या बौद्ध धर्माच्या दीक्षेवरून दिसून येते.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असता पैशांची चणचण भासू लागली, तेव्हा केळुसकरांनीच त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे नेले. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. प्राध्यापक मुल्लर यांनी आपल्याजवळची पुस्तके वाचावयास दिली आणि कपडेही दिले. असे असूनही कॉलेजातील उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा किंवा पाणी देत नसे. अशा परिस्थितीत भीमराव इ. स. १९१२ मध्ये बी. ए. झाले.

याच काळात सुभेदारांचे बिऱ्हाड परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आले. प्लेगच्या भयंकर साथीनंतर, इ. स. १८९८ मध्ये, मुंबईच्या सुधारणेसाठी हे मंडळ स्थापन झाले होते आणि त्याने गोरगरिबांसाठी चाळी उभारल्या होत्या. पहिल्या क्रमांकाच्या चाळीत समोरासमोरच्या दोन खोल्या सुभेदारांनी घेतल्या. एकीत संसार आणि दुसरी भीमरावांच्या अभ्यासासाठी. परंतु मुलाचा उत्कर्ष पाहण्याचे भाग्य सुभेदारांना फार दिवस लाभले नाही. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या साहाय्याने भीमराव अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना प्रथमच सहाध्यायांबरोबर समानतेने बसता-उठता आले. इ. स. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले व पुढच्या वर्षी लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे इ. स. १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. विदेशी विद्यापीठांनी गौरविलेल्या या विद्वानाच्या टेबलावर कचेरीतील शिपाई कागद दुरूनच फेकीत. राहावयास घर मिळेना, म्हणून एका पारशी विश्रामगृहात त्यांनी आसरा घेतला. तेथेही ज्ञात उघड होताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. गाडीची वेळ होईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून हा थोर विद्वान अखेर परळच्या आपल्या चाळीकडे परतला.

इ. स. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. अस्पृश्य समाजातील हा प्राध्यापक काय शिकविणार, अशी विद्यार्थ्यांची प्रथम समजूत होती. परंतु त्यांचे व्यासंगपूर्ण विवेचन ऐकताच ती मावळली आणि इतर कॉलेजांतील विद्यार्थीही त्यांच्या तासांना येऊन बसू लागले. विद्यार्थ्यांचे मन असे पालटले. परंतु प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिऊ नये, असे म्हणणारे काही सहकारी तेथे होतेच.

ही नोकरी करीत असताना त्यांनी चाळीतील संसार अत्यंत काटकसरीने चालविला व लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पैसा साठविला. पत्नी रमाबाई यांनी त्या दोन खोल्यांत जे सोसले, त्याला सीमा नाही. पतीच्या परदेशवासात त्यांनी अर्धपोटी दिवस काढले. पुढे चार अपत्यांचे मृत्यू पाहिले. तथापि पतीच्या विद्याभ्यासात खंड पडू दिला नाही. इ. स. १९२० मध्ये मूकनायक हे पाक्षिक सुरू करून भीमराव पुन्हा लंडनला गेले आणि इ. स. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परत आले व त्याच वर्षी अर्थशास्त्राचे डॉक्टर झाले.

एवढी कीर्ती मिळाल्यावर कोणीही एखाद्या प्रशस्त वस्तीत बिऱ्हाड केले असते. बाबासाहेब मात्र परळच्या चाळीतच राहिले. जवळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांची कचेरी होती. दूरदूरच्या खेड्यांतून आलेली गांजलेली माणसे आपली गाऱ्हाणी घेऊन तेथे येत आणि बाबासाहेब त्यांना सल्ला देत. त्याच सभागृहात इ. स. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या कार्याचा पाया घातला गेला. शिक्षणाचा प्रसार, वसतिगृहे व वाचनालये हे या सभेचे पहिले उद्देश होते. शाळेतील नळाला ज्याला हात लावता आला नव्हता, त्याने २० मार्च १९२७ रोजी हजारो बांधवांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सर्वांचा समान हक्क प्रस्थापित केला.

इ. स. १९३४ मध्ये बाबासाहेब दादरच्या राजगृह या नव्या वास्तूत राहावयास गेले. ही वास्तू त्यांनी मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहासाठी बांधली होती. जात्याजवळच्या अंथरुणावर जागविलेल्या ज्ञानतृष्णेला आता स्वतःचे घर मिळाले. भारत स्वतंत्र झाल्यावर ऑगस्ट १९४७ मध्ये संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झालेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आणि तिचे पालन हा गुन्हा ठरला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. दादरच्या चौपाटीवर त्यांना अखेरचा निरोप देण्यासाठी लक्षावधी लोक लोटले. त्यांत परळच्या चाळींतील कष्टकरीही होते.

माणसाचे घर लहान असू शकते, त्याची वस्ती दरिद्री असू शकते. परंतु त्यावरून त्याच्या बुद्धीचे माप काढणे हा अन्याय होय. बाबासाहेबांना हा अन्याय शाळेत, कचेरीत आणि प्राध्यापकांच्या दालनातही भोगावा लागला. त्यांनी त्याला दोन प्रकारे उत्तर दिले. स्वतःपुरते उत्तर त्यांनी विद्येने दिले. आणि आपल्यामागून येणाऱ्या मुलांना तोच अपमान पुन्हा सोसावा लागू नये, म्हणून कायद्याने दिले. पहिल्या उत्तराने एक थोर विद्वान घडला. दुसऱ्याने कोट्यवधी माणसांना मान वर करून चालण्याचा अधिकार मिळाला.