बेर्नार्दो पेरिस दा सिल्वा

पेडणे महालाच्या उत्तर टोकावरील तेरेखोलचा किल्ला पाहणाऱ्यांना तेथील रक्तपाताची कथा ठाऊक असते. पण ज्या नावासाठी ते रक्त सांडले, त्या नेवऱ्याच्या सुपुत्राचे चरित्र फारसे कोणी वाचलेले नसते.

बेर्नार्दो पेरिस दा सिल्वा यांचा जन्म 1775 सालचा. त्यांच्या लहानपणी डिचोली व पेडणे हे महाल पोर्तुगीज अमलाखाली आले. 1820 च्या क्रांतीनंतर पोर्तुगालमध्ये सनदशीर राज्य अवतरले आणि गोव्यालाही लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी धाडण्याचा हक्क लाभला. 1822 साली निवडून आलेल्या तिघांत पेरिस होते. परंतु दीर्घ सागरप्रवास संपवून ते पोहोचले, तोवर संसदच मोडीत निघाली होती! 1827 साली ते पुन्हा निवडून आले. लगेच दों मिगेल यांनी सिंहासन बळकावले आणि पेरिस यांना इंग्लंडमार्गे ब्राझील गाठावे लागले. तेथे 1832 साली त्यांनी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लिस्बन नगरीत एक तत्त्वज्ञानाचा पंडित व एक हिंदुस्थानी पोर्तुगीज राज्यघटनेचे लाभ आणि तिच्या रक्षणाचे उपाय यांवर संवाद करतात, अशी त्याची मांडणी. दोनदा संसद मोडलेली पाहिलेल्या माणसाने रक्षणाचाही विचार करावा, हे स्वाभाविकच होते.

उदारमतवादी विजयी झाल्यावर 1834 साली त्यांची गोव्याच्या प्रीफेक्तपदी नेमणूक झाली. कारभाराची सूत्रे अशा रीतीने हाती आलेले ते पहिले गोमंतकीय. मात्र नव्या व्यवस्थेत मुलकी सत्ता त्यांची, सैन्य दुसऱ्याच्या हुकमतीखाली. तिचे वैगुण्य लवकरच उघडे पडले. 14 जानेवारी 1835 रोजी त्यांनी पदभार स्वीकारला. 1 फेब्रुवारीला पलटणीने बंड करून त्यांना पदच्युत केले. एका देशी माणसाचा हुकूम गोऱ्या व मिश्र रक्ताच्या अधिकाऱ्यांना सोसवला नाही. पेरिस मुंबईस गेले. त्यांचे अनुयायी गास्पार दियश व तेरेखोल येथे निर्दयपणे कापले गेले. (तेरेखोलच्या उठावाचे साल पुष्कळ ठिकाणी 1825 छापले जाते; ते चुकीचे आहे.) मुंबईचे धनाढ्य गोमंतकीय व्यापारी रोजेरियो द फारिया यांच्या द्रव्यबळावर निघालेले आरमारही वादळाने उधळले.

पुढे 1837 पर्यंत पेरिस यांचा अंमल केवळ दमण व दीव येथे चालला. गोव्याच्या राजधानीत प्रीफेक्त म्हणून ते परतलेच नाहीत. आश्चर्य हे, की संसदेवरची त्यांची श्रद्धा तरीही ढळली नाही. ते पुन्हा प्रतिनिधी झाले आणि 1844 साली लिस्बनमध्येच त्यांचे देहावसान झाले.